झोपला होता तो कोण?

खुनाची व्याख्या करताना कायदा मेलेल्याचा रंग विचारत नाही, पेशा विचारत नाही, त्याच्या खिशात किती पैसे होते हेही विचारत नाही. हे प्रश्न विचारतो तो पोलीस ठाण्यात टेबलामागे बसलेला माणूस. तोंडाने विचारतोच असे नाही. फिर्याद लिहून घेताना त्याचा हात किती भराभर चालतो, पंचनाम्याला किती जण जातात, मुद्देमाल प्रयोगशाळेत कधी पोचतो, यावरून मेलेल्याची किंमत कळते. आम्ही गेली वीस वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत आहोत. या वीस वर्षांत आमची एक खात्री झाली आहे. पुरावा नाही म्हणून जितके गुन्हेगार सुटतात, त्याहून अधिक गुन्हेगार पुरावा असूनही कुणी तो हातात घेतला नाही म्हणून सुटतात.

ही गोष्ट पटवून देण्यासाठी आज आम्ही वाचकांना सातासमुद्रापार नेणार आहोत. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात लॉस एंजेलिस नावाचे महानगर आहे. त्याच्या दक्षिण भागात, कृष्णवर्णीय गरिबांच्या वस्त्यांत, लॉनी फ्रँकलिन ज्युनिअर या माणसाने १९८५ ते २००७ या काळात दहा जणींचा जीव घेतला. त्यांत नऊ स्त्रिया होत्या आणि एक अवघ्या पंधरा वर्षांची मुलगी होती. साऱ्या कृष्णवर्णीय, साऱ्या गरीब. न्यायालयात सिद्ध झाले तेवढेच खून आम्ही मोजले आहेत. हा माणूस पकडला गेला तो २०१० साली. पहिल्या खुनानंतर तब्बल पंचवीस वर्षांनी!

हा देश आणि हा समाज आपल्याला परका नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या निग्रो समाजाच्या निवेदनाची प्रत मागितली होती. ब्लॅक पँथर पार्टीचा जन्म १९६६ साली याच कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात झाला आणि तिचे पहिले काम होते पोलिसांच्या गस्तीवर नागरिकांची गस्त ठेवण्याचे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती हेच नाव अभिमानाने लावून. तेव्हा त्या वस्तीत काय घडले हे जाणून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि त्यातून शिकण्याची जबाबदारीही.

आधी त्या वस्तीची हकीकत ऐका. दक्षिण लॉस एंजेलिस हा कामगारांचा भाग. १९८० च्या सुमारास तिथले टायरचे कारखाने बंद पडले, १९८२ साली साउथ गेटचा मोटारींचा मोठा कारखाना बंद झाला. मुंबईच्या गिरणगावाने जे भोगले तेच या भागाने भोगले. हाताचे काम गेले आणि पाठोपाठ क्रॅक नावाचे स्वस्त कोकेन गल्लीबोळांत शिरले. ज्या घरांत कालपर्यंत पगार येत होता त्या घरांतल्या काही मुली व्यसनाच्या तावडीत सापडल्या. काही जणी रस्त्यावर आल्या, काही जणी नुसत्याच गरीब होत्या आणि रात्री पायी घरी जात होत्या. खुनी माणसाने हेच हेरले. या बायका नाहीशा झाल्या तर कुणी फार शोध घेणार नाही, हा त्याचा हिशेब होता. दुर्दैवाने तो बरोबर ठरला.

पहिला खून ऑगस्ट १९८५ मधला. सप्टेंबर १९८८ पर्यंत सात जणी मेल्या. प्रेते गल्लीत कचऱ्याशेजारी, जुन्या गादीखाली, ढिगाऱ्याखाली टाकलेली. हे सगळे अंधारात घडले आणि मागे काहीच धागा राहिला नाही, असे कुणी समजू नये. आता आम्ही वकिलाच्या नात्याने पुरावा मोजून दाखवतो.

पहिला पुरावा गोळ्यांचा. प्रत्येक पिस्तुलाच्या नळीच्या आत आटे असतात. गोळी बाहेर पडताना तिच्या अंगावर त्या नळीचे ओरखडे उमटतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोळ्या शेजारी ठेवल्या की त्या एकाच नळीतून सुटल्या काय, हे तज्ज्ञ सांगतो. या सातही जणींच्या शरीरातून काढलेल्या गोळ्या पॉइंट पंचवीसच्या लहान पिस्तुलाच्या होत्या आणि त्या एकाच पिस्तुलाकडे बोट दाखवीत होत्या.

दुसरा पुरावा आवाजाचा. जानेवारी १९८७ मध्ये एका अनोळखी माणसाने पोलिसांना दूरध्वनी केला. एका व्हॅनमधून एक जण बाईचे प्रेत गल्लीत टाकतो आहे, असे त्याने सांगितले आणि व्हॅनचा नंबरही दिला. प्रेत सांगितल्या जागी सापडले. व्हॅन एका चर्चच्या आवारात सापडली. पण तपास त्यापुढे खुन्यापर्यंत गेला नाही. त्या दूरध्वनीचे ध्वनिमुद्रण पोलिसांनी जनतेला ऐकवले ते २००९ साली, म्हणजे बावीस वर्षांनी!

तिसरा पुरावा सर्वांत मोठा, कारण तो जिवंत होता. नोव्हेंबर १९८८ मध्ये एका तीस वर्षांच्या स्त्रीला या माणसाने आपल्या नारिंगी फोर्ड पिंटो मोटारीत घेतले. वाटेत तो एका घराशी थांबला. मग त्याने तिच्या छातीत गोळी घातली, तिच्यावर अत्याचार केला, त्या अवस्थेत तिचा पोलरॉइड कॅमेऱ्याने फोटो काढला आणि तिला मोटारीबाहेर ढकलून दिले. ती बाई मेली नाही. रक्तबंबाळ अवस्थेत मैत्रिणीच्या घरापर्यंत पोचली. डॉक्टरांनी छातीतून काढलेली गोळी त्याच पिस्तुलाची निघाली. तिने माणसाचे वर्णन दिले, मोटारीचे वर्णन दिले, फोटो काढल्याचेही सांगितले.

म्हणजे १९८८ संपताना पोलिसांच्या हातात काय काय होते पाहा. एकच पिस्तूल, सात खून आणि एक जिवंत साक्षीदार. पुराव्यावाचून तपास अडला असे कुणी म्हणू शकेल काय? परंतु या वस्तीत एकाच पिस्तुलाने बायका मारल्या जात आहेत, सावध राहा, असे त्या वस्तीला कुणी सांगितले नाही. ज्या मायबहिणींनी त्या मोटारीचा रंग ऐकून नंबर टिपून ठेवला असता, त्यांच्यापासूनच ते लपवले गेले. तपासाच्या दृष्टीने गुप्तता राखावी लागते हे आम्हाला मान्य आहे. पण वीस वर्षांच्या मौनाला गुप्तता म्हणत नाहीत, त्याला बेपर्वाई म्हणतात.

हीच बेपर्वाई सगळ्या शहरासाठी होती काय? नव्हती. जानेवारी १९८८ मध्ये वेस्टवूड नावाच्या सुखवस्तू भागात दोन टोळ्यांच्या भांडणात सुटलेली गोळी लागून एक तरुणी मेली. शहर हादरले. वर्तमानपत्रे भरली, गस्त वाढली, खास तपास पथके नेमली गेली, बक्षीस जाहीर झाले. हे सर्व योग्यच होते. एका निरपराध मुलीसाठी शहराने हेच करायला हवे. पण त्याच महिन्यात दक्षिणेकडच्या वस्तीत बावीस वर्षांच्या एका मुलीचे प्रेत सापडले, तेव्हा शहराला ढिम्म फरक पडला नाही. एकाच महिन्यात, एकाच शहरात, गोळी लागूनच दोन मुली मेल्या. दक्षिण भागातल्या पुढाऱ्यांनी त्याच वेळी हा भेदभाव बोलून दाखवला होता. ऐकतो कोण?

या भेदभावाला तिथल्या यंत्रणेत एक संक्षिप्त नावही होते. एन. एच. आय. म्हणजे ‘नो ह्यूमन्स इन्व्हॉल्व्हड्’. या प्रकरणात माणसे गुंतलेली नाहीत! गरीब कृष्णवर्णीयांच्या, रस्त्यावरच्या बायकांच्या प्रकरणांना ही तीन अक्षरे खासगीत लावली जात. जमैकाच्या विदुषी सिल्व्हिया विंटर यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी यावर आपल्या सहकारी प्राध्यापकांना एक खुले पत्र लिहिले आणि विचारले की, असे वर्गीकरण करणारी माणसे शिकली कुठे? आमच्याच विद्यापीठांत ना? हा प्रश्न अस्पृश्यतेची अक्षरे अंगावर वागवलेल्या समाजाला समजावून सांगावा लागत नाही. माणसाला आधी माणसांच्या यादीतून वगळायचे आणि मग त्याच्या मरणाची नोंद ठेवायची नाही, ही रीत आपण पिढ्यान् पिढ्या पाहिली आहे.

त्या अंधारात कुणीच उभे राहिले नाही असे मात्र नाही. मार्गारेट प्रेस्कॉड या कृष्णवर्णीय कार्यकर्तीने १९८० च्या दशकाच्या मध्याला वस्तीतल्या बायकांना घेऊन एक आघाडी उभी केली. या मालिकेतल्या खुनांविरुद्ध कृष्णवर्णीयांची आघाडी, असे तिचे नाव. त्यांनी पत्रके वाटली, पोलीस मुख्यालयापुढे मेणबत्त्या घेऊन ठिय्या दिला. त्यांची मागणी साधी होती. मेलेल्या साऱ्या जणींवर सरसकट वेश्या म्हणून शिक्का मारू नका, आणि जी कुणी खरोखरच धंदा करीत होती तिचा खून हाही खूनच धरा. एवढे मान्य करून घ्यायला पंचवीस वर्षे लागली.

आणखी एक बाब येथे नोंदवली पाहिजे. या काळात त्या भागात फ्रँकलिन हा एकटाच खुनी नव्हता. अशाच गरीब बायकांना मारणारे आणखीही काही जण त्याच गल्ल्यांत फिरत होते. त्यांपैकी काही खुनांसाठी पोलिसांनी एका मतिमंद सफाई कामगाराला १९९२ साली पकडले. दमदाटीच्या चौकशीत त्याने कबुली दिली. १९९५ मध्ये शिक्षा झाली. पुढे डीएनए तपासणीत ते खून चेस्टर टर्नर या दुसऱ्याच माणसाने केल्याचे निघाले आणि तो निरपराध कामगार २००४ साली सुटला. म्हणजे ज्या यंत्रणेला खरे खुनी सापडत नव्हते, तिला कबुली देणारा गरीब मात्र लगेच सापडला! पोलिसांपुढील कबुली पुराव्यात घेऊ नये हा नियम आपल्या पुरावा कायद्यात १८७२ पासून होता आणि भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मध्येही तो कायम आहे. कोणत्या अनुभवातून हा नियम येतो, हे या एका प्रकरणावरून कळावे.

आता विज्ञानाकडे वळू. डीएनएच्या ठशावरून माणूस ओळखता येतो हे इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाचे ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली शोधून काढले. त्याचा खुनाच्या तपासात पहिला मोठा उपयोग लेस्टरशायरमधल्या दोन शाळकरी मुलींच्या खुनांत झाला. तिथेही एका सतरा वर्षांच्या मुलाने कबुली दिली होती. डीएनएने आधी त्या मुलाला निर्दोष ठरवले आणि नंतर खरा खुनी कॉलिन पिचफोर्क पकडून दिला. त्याला शिक्षा झाली ती जानेवारी १९८८ मध्ये. त्याच महिन्यात, ज्याचा आम्ही वर उल्लेख केला. अर्थात, विज्ञान जगात आले होते. दक्षिण लॉस एंजेलिसच्या वाट्याला ते यायचे होते.

कधी आले? शवविच्छेदनात घेतलेले नमुने वर्षानुवर्षे शीतकपाटात पडून राहिले. हे एका प्रकरणापुरते नव्हते. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २००९ साली लॉस एंजेलिस परगण्यात लैंगिक अत्याचाराच्या तपासणीविना पडून असलेल्या नमुन्यांची मोजदाद केली. आकडा निघाला किमान १२,६६९. एवढ्या बायकांनी अत्याचारानंतर काही तास आपले शरीर तपासणीसाठी डॉक्टरांपुढे ठेवले, या आशेने की यातून गुन्हेगार सापडेल. आणि त्या आशेवर सरकारने बर्फ साठवला.

२००२ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलीचा खून झाला, २००३ मध्ये आणखी एक, आणि १ जानेवारी २००७ रोजी पंचवीस वर्षांच्या स्त्रीचे प्रेत कचऱ्याच्या पेटीत पिशवीत गुंडाळलेले सापडले. या वेळी नमुने तपासले गेले. या तीन खुनांतल्या माणसाचा डीएनए १९८० च्या दशकातल्या खुनांशी जुळला. पोलिसांनी २००७ साली गुपचूप एक खास पथक नेमले. पण वस्तीला याचा पत्ता २००८ साली लागला, तोही ‘एल. ए. वीकली’ या साप्ताहिकाच्या वार्ताहर क्रिस्टीन पेलिसेक यांच्यामुळे. आपल्या लेकीला मारणारा माणूस अजून मोकळा आहे आणि तो अजून मारतो आहे, हे काही आईबापांना पोलिसांकडून कळले नाही, पत्रकाराकडून कळले. मग शहराने पाच लाख डॉलरचे बक्षीस लावले.

अडचण अशी होती की, खुन्याचा डीएनए हातात होता पण त्याचे नाव ठाऊक नव्हते. शिक्षा झालेल्या गुन्हेगारांच्या नमुन्यांच्या साठ्यात तो नव्हता. खरे तर असायला हवा होता. फ्रँकलिनला २००३ साली चोरीचा माल घेतल्याबद्दल शिक्षा झाली होती. २००४ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी अशा सर्व गुन्हेगारांचे नमुने घेण्याचा कायदा मंजूर केला. पण फ्रँकलिन देखरेखीविना परिवीक्षेवर होता, त्याची मुदत २००५ मध्ये संपली आणि नमुना घ्यायचा राहून गेला. एक कापसाचा बोळा गालाच्या आतून फिरवायचा राहिला आणि २००७ साली आणखी एक जीव गेला.

मग नात्यावरून शोध घेण्याची पद्धत वापरली गेली. ती अशी. डीएनएच्या ठरावीक जागा तपासतात. प्रत्येक जागेवर दोन नोंदी असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. परक्या दोन माणसांत काही नोंदी योगायोगाने जुळतात. बापलेकांत मात्र प्रत्येक जागेवरची एक नोंद जुळतेच. शिवाय वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे उतरते. म्हणून खुनी स्वतः साठ्यात नसला तरी त्याचा मुलगा किंवा भाऊ असला तर वाट सापडते. कॅलिफोर्नियाने २००८ साली या पद्धतीला परवानगी दिली. पहिल्या शोधात काही निघाले नाही. दरम्यान फ्रँकलिनच्या मुलाला शस्त्राच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन त्याचा नमुना साठ्यात आला. २०१० साली पुन्हा शोध घेतला तेव्हा तो जुळला. मुलाचे वय पाहता १९८५ चे खून तो करूच शकत नव्हता. बोट बापाकडे वळले.

परंतु नाते म्हणजे पुरावा नव्हे, तो फक्त संशय. बापाचाच नमुना हवा. पोलीस त्याच्या मागावर राहिले. जुलै २०१० मध्ये तो वाढदिवसाच्या एका समारंभासाठी पिझ्झाच्या उपाहारगृहात गेला. टेबल साफ करणाऱ्या पोऱ्याचा वेश घेतलेल्या पोलिसाने त्याची उष्टी थाळी उचलली. पिझ्झ्याचा खाऊन टाकलेला तुकडा प्रयोगशाळेत गेला आणि जुळला. ७ जुलै २०१० रोजी त्याला अटक झाली. झडतीत घरात पॉइंट पंचवीसचे एक पिस्तूल सापडले, ते २००७ च्या खुनाशी जुळले. आणि एक पोलरॉइड फोटो सापडला. १९८८ साली छातीत गोळी खाऊन वाचलेल्या बाईचा तो फोटो होता. बावीस वर्षांपूर्वी तिने सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता! बायकांचे हजारावर फोटोही तिथे मिळाले. त्यांतले १८० चेहरे पोलिसांनी डिसेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध केले, कारण या बायका कोण आणि त्या जिवंत आहेत काय, हे त्यांना माहीत नव्हते.

बचाव पक्षाने उष्ट्या तुकड्याला आक्षेप घेतला. झडतीच्या हुकुमाविना घेतलेला हा नमुना बेकायदा आहे, असे त्यांचे म्हणणे. न्यायाधीशांनी ते फेटाळले. जे टाकून दिले त्यावर खासगीपणाचा हक्क उरत नाही, हे अमेरिकी न्यायतत्त्व. खटला सुरू झाला तो फेब्रुवारी २०१६ मध्ये. ५ मे २०१६ रोजी ज्युरीने दहा खून आणि एक खुनाचा प्रयत्न यांत त्याला दोषी ठरवले. जी वाचली होती तिने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून त्याला ओळखले. शिक्षेच्या टप्प्यावर आणखी एक बाई आली, थेट जर्मनीहून. १९७४ साली अमेरिकी सैनिक म्हणून तिथे असताना या माणसाने साथीदारांसह तिच्यावर बलात्कार केला होता, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. ऑगस्ट २०१६ मध्ये देहान्ताची शिक्षा सुनावली गेली. ती अमलात आली नाही. २८ मार्च २०२० रोजी तो तुरुंगातच मेला.

१९८८ ते २००२ या चौदा वर्षांत त्याच्या नावावर खून दिसेना, म्हणून वृत्तपत्राने त्याला ‘ग्रिम स्लीपर’ म्हटले. मध्येच झोपी गेलेला यमदूत. नाव आकर्षक आहे, पण खोटे आहे. शिक्षेच्या टप्प्यावर सरकार पक्षाने आणखी काही खुनांचे पुरावे मांडले, त्यांत २००० सालचाही एक होता. तो झोपला नव्हता. तो शहराच्या स्वच्छता खात्यात नोकरी करीत होता, त्यापूर्वी काही काळ पोलिसांच्याच गॅरेजमध्ये काम करून गेला होता, शेजाऱ्यांच्या मोटारी दुरुस्त करून देत होता. मग झोपला होता तो कोण?

पोलीस झोपले होते, हे उत्तर सोपे आहे आणि खरेही आहे. पण आम्हाला येथे थांबता येत नाही. फ्रँकलिन हा त्याच वस्तीतला, त्याच रंगाचा माणूस होता. शेजाऱ्यांचा लाडका. अटकेनंतरही कित्येकांना ते खरे वाटेना. रस्त्यावरच्या बायका त्याच्याविषयी आपापसांत बोलत होत्या, पण त्यांच्या बोलण्याला वस्तीतच किंमत नव्हती. व्यसनी बाई, वाया गेलेली बाई, तिचे काय ऐकायचे? पोलिसांनी त्यांना माणसांच्या यादीतून वगळले, पण वस्तीनेही त्यांना आपल्या यादीत कितपत ठेवले होते? प्रेस्कॉड यांच्या आघाडीत मूठभर बायका होत्या, हजारोंचा मोर्चा नव्हता.

हा प्रश्न आम्ही आमच्या चळवळीलाही विचारतो. सवर्णांनी अत्याचार केला की आम्ही रस्त्यावर येतो, आणि आलेच पाहिजे. पण कचरा वेचणारी एखादी बाई, बारमध्ये काम करणारी एखादी मुलगी, नवऱ्याने टाकलेली, दारूच्या नादी लागलेली एखादी मेली आणि मारणारा आपल्याच वस्तीतला निघाला, तर किती जण पोलीस ठाण्यात जातात? आम्ही स्वतः अशा एका प्रकरणात गेलो होतो. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद करून कागद बंद झाला होता. व्हिसेरा राखून ठेवला होता, पण तो पुढे पाठवल्याची नोंद दाखवा म्हटल्यावर तीन दिवस टोलवाटोलवी झाली. याहून वाईट होते ते बाहेर आल्यावरचे. आपलाच एक कार्यकर्ता आम्हाला म्हणाला, “वकीलसाहेब, तिच्यासाठी कशाला एवढं? तिचं वागणं काही बरं नव्हतं.” पोलिसांवर संतापणे सोपे गेले. या वाक्यावर काय बोलावे ते त्या क्षणी सुचले नाही. आज लिहितो आहोत ते त्या वाक्याचे उत्तर आहे.

एक सावधगिरीचा इशाराही द्यायला हवा. नात्यावरून शोध घेण्याच्या पद्धतीने फ्रँकलिन सापडला म्हणून ती निर्दोष ठरत नाही. ज्या समाजाची मुले तुरुंगात जास्त, त्या समाजाची अख्खी कुटुंबे या साठ्याच्या नजरेखाली येतात. अमेरिकेत कृष्णवर्णीय, आपल्याकडे कोण? तुरुंगांत दलित, आदिवासी आणि मुसलमानांचे प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त आहे, हे सरकारी आकडेवारीच सांगते. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया ओळख कायद्याने नुसत्या अटक झालेल्यांचीही मोजमापे घेऊन ती ७५ वर्षे ठेवण्याची मुभा दिली. डीएनएच्या वापरावर बंधने घालू पाहणारे २०१९ चे विधेयक मात्र सरकारने २०२३ मध्ये मागे घेतले. म्हणजे गोळा करण्याचा अधिकार आला, आणि वापराला लगाम घालणारा स्वतंत्र कायदा आला नाही. हे आम्हाला मंजूर नाही. नमुना संशयिताचा घ्या, पण बाईच्या शरीरावरून घेतलेला नमुना आधी तपासा. लॉस एंजेलिसचा धडा तोच आहे.

विज्ञान आपण होऊन कुणाच्या दारात येत नाही, त्याला ओढून आणावे लागते, आणि त्यासाठी कायद्याने आज काही हत्यारे दिली आहेत. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच फिर्याद नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली सांगितले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ प्रमाणे सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करण्याची तरतूद आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीएनए नमुन्यांबाबत देशभरासाठी आदेश दिले आहेत. नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे आणि तो कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला याची नोंदवही ठेवली पाहिजे. वस्तीत मरण झाले, संशय आला, तर ठाण्यात जाऊन या नोंदी मागा. फिर्यादीची प्रत मागा, नमुना पाठवल्याची तारीख मागा. एकट्याने जाऊ नका, पाच जणांनी जा, आणि त्या पाचांत दोन बाया असू द्या.

आणि जाताना मेलेली बाई कशी वागत होती हे विचारू नका. १९८८ साली दक्षिण लॉस एंजेलिसमध्ये एका बाईने छातीत गोळी घेऊन सगळे खरे खरे सांगितले होते. तिच्यावर त्याच वेळी विश्वास ठेवून वस्तीला सावध केले असते, तर २००२ मध्ये मारली गेलेली ती पंधरा वर्षांची पोर आज अडतिशीच्या पुढे असती, एखाद्या लेकराची आई असती. तिच्या आणि मरणाच्या मध्ये उभा राहू शकणारा पुरावा चौदा वर्षे कपाटात होता. अशी कपाटे आपल्याकडेही आहेत. ती उघडायला लावणे हे आपले काम आहे.